मनाचा पंचनामा

बारावी झालेली एक माजी विद्यार्थिनी परवा वडिलांसह घरी आली. "सर, मला पदवीलाच न्यायसहायक मानसशास्त्र घ्यायचंय. गुन्हेगाराचं मन वाचायला शिकायचंय." कोवळ्या वयात खून-दरोड्यांचा अभ्यास कशाला, ही वडिलांची काळजी. मला मात्र 'मन वाचणे' हे शब्द बोचले.

वीस वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गातून सहलीचे पैसे गेले. एक मुलगा घामाघूम झाला, नजर चुकवू लागला. मी त्याला तासभर उभे करून खोदून खोदून विचारले. अखेर तो म्हणाला, "मीच घेतले." दोन दिवसांनी पैसे माझ्याच हजेरीपटाच्या वेष्टनात सापडले. भीतीला मी अपराध मानले होते आणि कबुलीला सत्य.

पॉलिग्राफ यंत्रही नाडी, श्वास, घामच टिपते. निरपराधाचीही नाडी धावतेच. २०१० साली 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना पॉलिग्राफ, नार्को आणि मेंदूलहरींच्या चाचण्या घटनाबाह्य ठरवल्या. गप्प राहण्याचा हक्क आरोपीलाही असतो.

मग हे शास्त्र शिकू नये का? अवश्य शिकावे. दडपणाखाली माणूस खोटी कबुली का देतो, साक्षीदाराची स्मृती कशी फसवते, हेही तेच शास्त्र शिकवते. मी तिला म्हटले, "जा बाळ, पण आधी वाचणाऱ्याचं मन तपास."

त्या मुलाची मी वर्गासमोर क्षमा मागितली होती. तो एवढेच म्हणाला, "असू दे, सर." त्या 'असू दे'चा अर्थ मला अजून लागलेला नाही.