दोनशे तीस सहा

काल रात्री सिंहगडाची पिशवी भरताना थर्मामीटर काही सापडेना. औषधांच्या डब्यात नाही, फ्रिजवर नाही, देवघराखालच्या खणात नाही. सापडला तो पिशवीतच, अगदी तळाशी, थोरल्याच्या मोज्यात गुंडाळलेला. त्याच्या शेजारी नाकात मारायचा तो फवारा. "मी भरलंय ते," थोरला अंथरुणातूनच म्हणाला आणि कूस बदलून झोपला. तो दुसरीत आहे.

आमच्याकडे दोघंही मुलगे. थोरला सात वर्षांचा, धाकटा तीन. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तीन मुलगे वाढवलेत. त्या म्हणतात, अशा घराला वर्षातून दोनदा तरी दवाखान्याची पायरी चढावीच लागते. आमचा हिशेब त्यांच्याशी जुळतो. थोरल्याच्या हनुवटीला टाके पडले ते पलंगावरून खुर्चीवर झेपावताना. धाकट्यानं मटार सोलता सोलता एक दाणा नाकात घातला. दवाखान्यात डॉक्टरांनी चिमटा वगैरे काही काढला नाही. त्यांनी हिला सांगितलं, मोकळी नाकपुडी बोटानं दाबा, त्याच्या तोंडाला तोंड लावा आणि एक फुंकर मारा. दाणा सुटला तो थेट त्यांच्या टेबलावर. धाकट्याला हा खेळ एवढा आवडला की पुढचा आठवडाभर घरात मटार लपवून ठेवावे लागले. अशा गोष्टींची भीती संध्याकाळपर्यंत टिकते. नंतर त्या पाहुण्यांना रंगवून सांगायच्या होतात.

ऑगस्टमधली गोष्ट अजून कुणाला रंगवून सांगता आलेली नाही.

श्रावणातला रविवार होता. पावसानं उघडीप दिली म्हणून खडकवासल्याला गेलो. धरणाच्या कडेला अर्धं पुणं लोटलेलं. लिंबू-तिखट चोळलेली कणसं, भज्यांचा घाणा, आणि रस्त्याकडेला गुडघाभर डबकी. धरणाचं पाणी बघायला आलेली मुलं धरण सोडून डबक्यांतच रमतात, ही माझी जुनी तक्रार आहे. थोरल्यानं धाकट्यावर पाणी उडवलं, धाकटा खदखदून हसला, मग दोघंही चिंब. टॉवेल एकच होता. घरी येताना दोघं मागच्या सीटवर एकमेकांच्या अंगावर पेंगत होते.

रात्री धाकट्याचं अंग कोमट लागलं. अकराला १०१, दीडला १०२ च्या पुढे. तापाचं औषध दिलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. तीनच्या सुमारास हिनं मला हाक मारली. तशी हाक मी बारा वर्षांत ऐकली नव्हती. दिवा लावला तर धाकट्याचे डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली, हात-पाय झटके देतायत. आमच्याकडे बघत होता म्हणावं तर बघतही नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन चमचा घेऊन आलो. का, ते आजही सांगता येणार नाही. तोंडात काहीतरी घालायचं असतं, एवढंच कुठूनतरी डोक्यात बसलेलं. आई म्हणाली कांदा फोडा, हुंगवा. ही नुसती त्याचं नाव घेत होती, पुन्हा पुन्हा, जणू तो लांब कुठेतरी गेलाय आणि ऐकू येईल असं वाटतंय. मी एका हातात चमचा घेऊन दुसऱ्या हातानं १०८ लावला. पलीकडची बाई शांतपणे पत्ता विचारत होती आणि मला स्वतःच्या इमारतीचं नाव आठवेना. तेवढ्यात धाकट्याचं अंग सैल पडलं आणि तो रडला. त्या रडण्याचा आवाज इतका गोड लागला की मी चमचा खाली टाकला.

थोरल्याला खालच्या काकूंकडे सोडून काकांच्या गाडीनं आम्ही रुग्णालयात गेलो. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी धाकट्याची मान वाकवून बघितली, कान बघितले, घसा बघितला, मग विचारलं, "आकडी किती वेळ होती?"

मी म्हणालो, वीस मिनिटं तरी. ही म्हणाली, दहा. आई म्हणाली, अर्धा तास गेला बाई. डॉक्टर हसल्या नाहीत, पण लिहायचंही थांबल्या. फोन काढून बघितला तर १०८ चा कॉल ३ वाजून ११ मिनिटांचा आणि बोलणं सव्वा मिनिटाचं. पण आकडी कधी सुरू झाली? ते कुठेच नोंदलेलं नव्हतं. त्यांनी कागदावर 'नक्की माहीत नाही' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं.

मग त्यांनी समजावलं ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्या रात्री कानावर पडलेलं ते पहिलं शहाणं बोलणं होतं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात अशी आकडी येते. लहान मेंदूला ताप तसा सोसत नाही, वय वाढलं की सोसतो. दिसायला भयंकर, पण अशा साध्या आकडीनं मेंदूला इजा होत नाही. तीन मुलांमागे एकाला पुन्हा कधीतरी येते. तापाचं औषध जरूर द्या, त्यानं त्याला बरं वाटेल, पण आकडी टळेलच असं नाही. पुन्हा आली तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, कांदा-चप्पल काही हुंगवू नका, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांपुढे गेली तर हा फवारा नाकात मारा आणि तडक इकडे या. "घड्याळ बघा" हे त्यांनी दोनदा सांगितलं. घरात कुणाला तापाच्या आकड्या यायच्या का, असंही विचारलं. मी नाही म्हणालो आणि आई म्हणाली, "यायच्या की. यालाच."

बेचाळीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. साताऱ्यात असताना मला दोनदा आकडी आली होती. दुसऱ्या वेळी वडील मला सायकलच्या दांड्यावर एका हातानं धरून दवाखान्यात घेऊन गेले होते. मग दोन वर्षं रोज रात्री फेनोबार्बिटोनचं औषध. तेव्हा ते सर्रास द्यायचे, आता सहसा देत नाहीत, औषधाचा त्रास आकडीपेक्षा जास्त म्हणून. "सांगितलं का नाहीस कधी?" मी विचारलं. "तू बरा झालास ना," आई म्हणाली. तिच्या पिढीनं किती गोष्टी अशा मोडीत काढल्या असतील, कोण जाणे. मला जरा रागच आला. पण ती पोराच्या तळपायांना हात लावून बसली होती. वाद घालायची ती वेळ नव्हती.

सकाळी दहाला घरी सोडलं. साधा विषाणूचा ताप, तिसऱ्या दिवशी उतरला. धाकट्याला काहीच आठवत नव्हतं. आठवत होती ती फक्त रुग्णालयातली नर्स, कारण तिनं हातमोजा फुगवून त्याला कोंबडा करून दिला होता.

आम्ही दोघं मात्र बदललो. रात्री दोनदा-तीनदा हात आपोआप त्याच्या कपाळावर जायचा. अंधारात कधी हिचा हात आधीच तिथे असायचा आणि आमची बोटं एकमेकांवर आपटायची. दिवसा आम्ही भांडायचो. पोराला भिजवलं कुणी, टॉवेल एकच का घेतला, कोरडे कपडे कुणी भरायचे होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की डबक्यातल्या पाण्यानं हा ताप येत नाही, तो आधीच अंगात शिरलेला असणार. पण दोष ठेवायला कुणीतरी लागतं. "उगाच डबक्यात खेळू दिलं," हे वाक्य त्या पंधरवड्यात आमच्या घरात किती वेळा बोललं गेलं असेल! आणि ते ऐकायला घरात आणखी एक माणूस होता, याचं भान आम्हा दोघांनाही नव्हतं.

थोरला शहाण्यासारखा वागत होता. याचं आम्हाला कौतुक. काकूंकडे राहिला, रडला नाही. "किती समजूतदार!" आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मीही त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "मोठा झालास हं." आता ते आठवलं की तो हात मागे घ्यावासा वाटतो. मुलगा रडला नाही की आपण शाबासकी देतो. का रडला नाही, हे विचारायला कुणी थांबत नाही.

गणपती झाले. एके दिवशी त्याच्या बाईंनी मला शाळेच्या फाटकापाशी थांबवलं. म्हणाल्या, बाकी सगळं नीट आहे, फक्त मैदानावर धावायला तयार नाही, पाण्याच्या नळापाशी तर कुणाला फिरकू देत नाही. पोरांना ढकलून लावतो.

त्या रात्री मी त्याच्याशेजारी पडून राहिलो. सरळ प्रश्न विचारून मुलगे काही सांगत नाहीत, हा माझा अनुभव. अंधार हवा आणि आपलं तोंड छताकडे हवं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बाबा, मी पाणी उडवलं होतं."

मी म्हणालो, "कधी?"

"खडकवासल्याला. म्हणून त्याला ते झालं."

मी त्याला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ताप कशानं येतो, आकडी कशी येते, मलाही लहानपणी आली होती आणि माझ्यावर कुणी पाणी उडवलं नव्हतं. माझी गोष्ट त्याला सगळ्यांत पटली. मग तो उठून बसला.

"दोनशे तीस सहा," तो म्हणाला.

"काय?"

"मी मोजले. दारामागून. एकपासून. तो रडला तेव्हा दोनशे तीस सहा झाले होते."

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जोडाक्षरं टाळण्यासाठी 'वीस सात', 'तीस सहा' अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर बरीच थट्टा केली होती. सत्तावीस, छत्तीस हे शब्द म्हणजे भाषेची ठेव, वगैरे वगैरे. अजूनही माझं मत फारसं बदललेलं नाही. पण त्या रात्री त्या आकड्यापुढे मला बोलायला काही सुचलं नाही. सात वर्षांचं पोर घाईनं मोजत होतं असं धरलं तरी तीन मिनिटांच्या आसपास. डॉक्टरांना हवं असलेलं उत्तर घरातल्या एकाच माणसाकडे होतं आणि त्याला आम्ही झोपेतून उठलेल्या काकूंच्या हवाली करून निघून गेलो होतो.

"का मोजत होतास?" मी विचारलं.

"मला वाटलं शंभरला थांबेल. मग दोनशेला."

दुसऱ्या दिवशी हिनं धाकट्याच्या फाईलला एक चिठ्ठी लावली: आकडी, अंदाजे तीन मिनिटं. पुढच्या तपासणीला थोरल्याला बरोबर नेलं. डॉक्टरांनी फवारा कसा धरायचा ते त्याला दाखवलं, आणि सांगितलं की मोजायचं असेल तर घड्याळातल्या सेकंदकाट्याबरोबर मोज, नाहीतर घाई होते. त्यानं गंभीरपणे मान हलवली. परत येताना रिक्षात धाकट्यानं त्याचा कान ओढला, तर यानं बऱ्याच दिवसांनी उलट चापट मारली. आम्ही दोघं रागावलो नाही.

आज गेलो सिंहगडाला. डिसेंबरचं ऊन, धुकं उठून गेलेलं. चालत चढायचा बेत आतकरवाडीपर्यंत येईतो बारगळला, गाडीनंच वर गेलो. पुणे दरवाज्याच्या पायऱ्या धाकट्यानं मोजत चढल्या, पण त्याचे आकडे एक, दोन, पाच, दहा असे असतात. देवटाक्याचं पाणी प्यालो. तानाजींच्या समाधीपाशी थोरल्यानं धाकट्याला १६७० ची लढाई सांगितली. घोरपड होती की नव्हती यावर त्याचा आणि माझा वाद झाला. मी म्हणालो, इतिहासकार ती दंतकथा मानतात. तो म्हणाला, मग दोर कड्यावर लावला कुणी? धाकटा घोरपडीच्या बाजूनं होता. पिठलं-भाकरी झाली, मडक्यातलं दही झालं, धाकट्यानं अर्धं स्वेटरला पाजलं.

उतरताना तो माझ्या खांद्यावर झोपला. पुणे दरवाज्यापाशी माझा मोकळा हात सवयीनं त्याच्या कपाळाकडे गेला. कपाळ गरम लागलं आणि पोटात ते जुनं काहीतरी हललं. तोवर बाजूनं एक छोटा, दह्यानं चिकट झालेला हात वर आला. थोरला पायरीवर टाचा उंचावून उभा होता. त्यानं धाकट्याच्या कपाळाला हात लावला, मग गालाला, मग स्वेटरच्या गळ्यातून पाठीला.

"पाठ गार आहे," तो म्हणाला. "ऊन लागलंय नुसतं."

आणि पिशवी माझ्या हातात देऊन तो बोरं विकणाऱ्या मावशींकडे धावत सुटला.