झरोक्याखालचे शिपाई

नव्या काडतुसांना हात लावायला नकार दिला म्हणून मेरठच्या ८५ स्वारांच्या पायांत ९ मे १८५७ रोजी साऱ्या फौजेदेखत बेड्या ठोकल्या गेल्या. दुसऱ्या संध्याकाळी त्यांच्या सोबत्यांनी तुरुंग फोडला, आणि ११ तारखेच्या सकाळी यमुनेवरचा नावांचा पूल ओलांडून ते स्वार दिल्लीत लाल किल्ल्याच्या झरोक्याखाली येऊन उभे राहिले. परतीचा रस्ता त्यांनी स्वतःच बंद केला होता. आता त्यांना कुणीतरी धनी हवा होता.

वर होता ८१ वर्षांचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर. कवी माणूस, ईस्ट इंडिया कंपनीकडून महिना लाखाचा तनखा घेणारा. त्याच्यामागे बादशहा हा किताबही कुणाला द्यायचा नाही, असं कंपनीने ठरवून टाकलेलं. खालचा गलका ऐकून त्याने पहिल्यांदा बोलावणं धाडलं ते किल्ल्यावरच्या इंग्रज कॅप्टनला. पण शिपाई आत घुसलेच. आपल्याकडे ना खजिना, ना फौज, पगार कुठून देऊ, असं तो परोपरीने सांगत होता. कुणी ऐकेना. शेवटी तो आसनावर बसला, शिपाई एकेक करून पुढे येऊन मान झुकवू लागले आणि तो प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवू लागला. मनातून नको असलेला हा आशीर्वाद होता. पण घेणाऱ्यांनी त्याच्यावर जीव टाकला होता.

पुढचे दिवस वाईट गेले. शिपायांनी घोडी बादशहाच्या बागेत बांधली, बाजार लुटला. १६ मे रोजी किल्ल्यातच ५२ युरोपीय कैदी मारले गेले, त्यांत बहुतेक बायका-मुलं. बादशहाने विरोध केला, पण तो तोंडापुरताच राहिला. वैतागला की मक्केला निघून जाण्याची भाषा करायचा. आपल्या शब्दाला किंमत नाही, हे त्याने मनाशी धरलं होतं.

मग बकरी ईद आली, १ ऑगस्टला. दिल्लीबाहेरच्या टेकडीवर तळ ठोकून बसलेले इंग्रज त्या दिवसाकडे डोळे लावून होते: गाय कापली जाईल, हिंदू-मुसलमान शिपाई एकमेकांवर तुटून पडतील, शहर आपोआप हाती येईल. बादशहाने गोहत्येवर सक्त बंदी घातली. दवंडी पिटली. मोहल्ल्यामोहल्ल्यातून गाई पाळणाऱ्या मुसलमान घरांची यादी कोतवालीत मागवली. गाई कोतवालीत आणून बांधायच्या असंही ठरलं; पण पाचशे-हजार जनावरं मावणार कुठे, असं कोतवालाने कळवल्यावर मालकांकडून हमी लिहून घेण्यात आली. या कामात बादशहाने कुठे ढिलाई म्हणून होऊ दिली नाही. ईद सुरळीत पार पडली, आणि त्या रात्री टेकडीवर आला तो हिंदू-मुसलमान शिपायांचा एकजुटीचा हल्ला.

त्या दिवशी तरी त्याला कळायला हवं होतं की आपला शब्द अजून चालतो.

१४ सप्टेंबरला इंग्रज काश्मिरी दरवाजा उडवून शहरात शिरले. तरीही पुढे सरकणं त्यांना जड जात होतं. १६ तारखेला किल्ल्यासमोर लोकांची दाटी झाली. कुणाच्या हाती तलवार, कुणाच्या हाती नुसती लाठी. बादशहाने पुढे व्हावं, आम्ही मरेपर्यंत लढतो, एवढंच त्यांचं मागणं. तो बाहेर आला. गर्दीला उधाण आलं. तेवढ्यात त्याचा हकीम अहसनुल्लाखान याने गोळ्यांचं आणि उद्या इंग्रजांना द्याव्या लागणाऱ्या जबाबाचं भय घातलं. संध्याकाळच्या नमाजाचं निमित्त करून बादशहा परत आत गेला. लोक थोडा वेळ थांबले, मग पांगले.

चार दिवसांत दिल्ली पडली. शिपायांचा सेनापती बख्तखान याने सोबत येण्याची गळ घातली, ती नाकारून बादशहा हुमायूनच्या मकबऱ्यात थांबला आणि २१ तारखेला इंग्रज अधिकारी हॉडसनच्या स्वाधीन झाला. दुसऱ्याच दिवशी हॉडसनने त्याच्या दोन मुलांना आणि नातवाला गोळ्या घातल्या. शहरात फासाचे खांब उभे राहिले.

१८५८ मध्ये त्याच्यावर खटला चालला. तो हकीम सरकारतर्फे साक्षीला उभा होता. रंगूनला हद्दपार होण्याआधी बादशहाने लेखी जबानी दिली: मी शिपायांचा कैदी होतो, ते कागद आणत आणि माझा शिक्का उमटवून घेत. त्यात बरंच खरं होतं. पण १६ सप्टेंबरची माघार कुठल्याही शिपायाने त्याच्याकडून करून घेतली नव्हती.