बाळांच्या हत्येच्या दिवशी हसायचं का?

28 डिसेंबर, निष्पाप बालकांचा सण
आजचे शुभवर्तमान : मत्तय 2:13-18



नाताळ होऊन जेमतेम तीन दिवस झालेत. गोठ्यातला दिवा अजून लागतोय, करंज्यांचा डबा संपलेला नाही, आणि ख्रिस्तसभा आपल्यापुढे हे वाचन ठेवते. हेरोद राजा बेथलेहेम आणि आसपासची दोन वर्षांखालची सगळी मुलगी-बाळं नव्हे, मुलगे मारायला लावतो. आज वेदीवर याजक लाल वस्त्रं घालतात, रक्तसाक्ष्यांसाठी घालतात तशीच.

स्पेनमध्ये मात्र आजचा दिवस थट्टेचा. आपल्याकडे 1 एप्रिलला जे चालतं ते तिकडे 28 डिसेंबरला. कागदाची बाहुली कापून गुपचूप कुणाच्या तरी पाठीला चिकटवायची, वर्तमानपत्रांनी एखादी खोटी बातमी छापायची, आणि माणूस फसला की ‘इनोसेन्ते, इनोसेन्ते!’ म्हणून ओरडायचं. इनोसेन्ते म्हणजे निष्पाप, आणि सहज फसणाराही. आपला ‘भोळा’ शब्द असाच आहे. ‘भोळा आहे बिचारा’ म्हणताना त्यात कौतुक किती आणि कीव किती, सांगता येत नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे खटकलं. खरं तर हेरोदाला तिथले लोक विसरलेले नाहीत. स्पेनमध्ये नाताळच्या देखाव्याला ‘बेलेन’ म्हणतात, म्हणजे बेथलेहेमच, आणि त्यात डोंगरावर हेरोदाचा किल्लाही मांडतात. आपल्या गोठ्यात मेंढरं असतात, तारा असतो, हेरोदाला सहसा जागा नसते. मग ज्यांना किल्ला दिसतो ते हसतात कसे?

शुभवर्तमान पुन्हा वाचलं तर त्यातही कुणीतरी फसलेलं आहे. मागी लोक परत न येता दुसऱ्या वाटेने निघून गेले, आणि आपल्याला बनवलं गेलं हे कळल्यावर हेरोद पेटला. राज्य जाण्याची भीती होतीच, पण आपलं हसू झालं हेही त्याला सोसवलं नाही. त्या अपमानाची किंमत पाळण्यातल्या बाळांनी मोजली.

म्हणून मला वाटतं, आज हसावं की नाही यापेक्षा कोण कुणाला हसतंय हे बघायला हवं. बुर्गोस शहरात आज गायनवृंदातला एक लहान मुलगा बिशपचा पोशाख घालून पांढऱ्या घोड्यावरून निघतो आणि महापौरांपुढे मुलांच्या मागण्या मांडतो. आलिकान्ते प्रांतातल्या इबी गावात काही मंडळी तोंडाला रंग फासून दिवसभरासाठी गावाची सत्ता ‘बळकावतात’, वेडेवाकडे कायदे काढतात, दंड वसूल करतात, पीठ आणि अंड्यांची लढाई करतात. दंडाचे पैसे धर्मादाय कामाला जातात. इथे हसू होतं ते खुर्चीचं. हेरोदाला हेच जमलं नसतं. पण वर्गातल्या अडखळत बोलणाऱ्या पोराला सगळ्यांनी मिळून बनवायचं, तर ते हसू किल्ल्यातलंच आहे, मग दिवस कुठलाही असो.

इतकं म्हटल्यावरही एक गोष्ट सुटत नाही. देवदूताने स्वप्नात योसेफाला सावध केलं. शेजारच्या घरांतल्या बापांना का नाही केलं? मत्तय याचं उत्तर देत नाही. तो यिर्मयाची आठवण काढतो, राहेलचं रडणं सांगतो, तिने सांत्वन नाकारलं तिथेच थांबतो. यिर्मयाच्या ग्रंथात पुढच्याच ओळींत आशेचं वचन आहे (यिर्मया 31:16-17), ते मत्तय इथे घेत नाही. आपण सांत्वनाला गेलो की बसल्याबसल्या ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळे होतो, त्यापेक्षा हे बरं.

मूल गेलेल्या एका घरी मी वर्षभराने गेलो होतो. धाकट्याने काहीतरी खोडी काढली, आई खळखळून हसली आणि लगेच तोंडावर पदर घेतला. तिचं ते हसू पाप होतं असं मला कुणीही सांगू नये.

प्रभू, बेथलेहेमच्या त्या आयांची नावं शास्त्रात नाहीत, तुला ठाऊक आहेत. आजची प्रार्थना त्यांच्यासाठी. आमेन.

उद्याचे वाचन : लूक 2:22-35