दुसऱ्याचा गुण

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या निपाणीच्या घरी दहा-बारा माणसं जमली होती. दिवस मावळायच्या आत चहा-चिवडा उरकला आणि बोलणं सुरू झालं. विषय मास्तरांचा होता. मास्तर म्हणजे आमच्या भागातले गाणारे. दिवसा तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितात, संध्याकाळी मुलांना पेटी शिकवतात. एखाद्या गावचं पंचकल्याणक असो, स्तवनिधीची यात्रा असो, नाहीतर हरिनाम सप्ताह असो, मास्तरांना बोलावणं असतंच. जैन पदं आणि अभंग ते सारख्याच मायेनं गातात. यंदा त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून कोल्हापूरच्या एका स्टुडिओत आठ पदांचा अल्बम केला. यूट्यूबवर टाकला, पेनड्राइव्हही काढले. पण ऐकणारे तेच, म्हणजे आम्हीच.

जमलेल्यांचं म्हणणं एकच होतं, मास्तर एकदा टीव्हीवर दिसले पाहिजेत. भोजेहून आलेल्या एका मुलानं मुंबईच्या एका वाहिनीला फोन करून पाहिला होता. तिकडून पहिला प्रश्न आला, "निपाणी म्हणजे कर्नाटक ना?" दुसरा आला, "याआधी कुठल्या शोमध्ये होते?" मग त्यानं बेंगळुरूला एका ठिकाणी विचारलं, तर ते म्हणाले कानडीत काही असेल तर पाठवा. १९५६ पासून आमच्या भागातल्या माणसाचं हे असंच चाललंय. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज आमचंच, पण ते महाराष्ट्रात. आम्ही इकडे, आमची पोरं शिकायला तिकडे. कॉलेजला जायला काही अडत नाही, पण गाणाऱ्याला 'आपला' म्हणायची वेळ आली की दोन्हीकडचे दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

तेव्हा ठरलं की एक अर्ज लिहायचा, त्याच्यावर पाचशे सह्या घ्यायच्या आणि वाहिनीला पाठवायचा. अर्ज मी लिहावा असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, कारण मी 'लिहिणारी'.

मी म्हटलं, "कशाला त्या टीव्हीच्या मागं लागायचं? यश मिळणं, न मिळणं हा कर्माचा भाग. मास्तर गातात ते त्यांच्या आनंदासाठी. बाकीचं सोडून द्या."

मास्तर कोपऱ्यात बसले होते. ते नुसतं हसले. पण त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "अक्का, सोडून द्या म्हणायला तुम्हांस्नी काय जातंय? हप्ता मी भरतो."

खोलीत कुणी काही बोललं नाही. माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि नव्हतं म्हणूनच पुढचे पंधरा दिवस मी या गोष्टीचा विचार करत राहिले.

मी जे बोलले ते शास्त्राला धरूनच होतं. आपल्या कर्मसिद्धांतात नामकर्माचे जे भेद सांगितले आहेत, त्यांत यशःकीर्ती आणि अयशःकीर्ती असे दोन भेद आहेत. एखाद्याचा गुण लोकांत गाजतो, एखाद्याचा गाजत नाही, त्याला हे कारण मानलं आहे. आणि नामकर्म हे अघाती कर्म. ते आत्म्याच्या ज्ञानाला, दर्शनाला हात लावत नाही. म्हणजे प्रसिद्धी मिळाली नाही म्हणून मास्तरांचा सूर तसूभरही कमी होत नाही. हे सगळं पाठशाळेत मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलंय. चूक शिकवण्यात नव्हती, ते कुणी कुणाला सांगायचं यात होती. यश नको हे ज्याचं त्यानं म्हणावं. त्याग आपल्या वाट्याचा करायचा असतो. दुसऱ्याच्या वाट्याचा आपणच परस्पर केला तर तो त्याग उरत नाही, जवळजवळ अदत्तादानच होतं. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला अपरिग्रह सांगणं फार सोपं असतं. माझ्या पेन्शनच्या आधारावर मी मास्तरांना वैराग्य शिकवत होते.

मग मला तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय आठवला. दशलक्षण पर्वात रोज एक अध्याय वाचतात, सहाव्या दिवशी तो येतो. नीच गोत्राचा बंध कशानं होतो ते त्यात सांगितलंय. दुसऱ्याची निंदा, स्वतःची स्तुती, हे आपल्याला पाठ असतं. पण त्याच सूत्रात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपण घाईत वाचून जातो. दुसऱ्याच्या अंगी असलेला गुण झाकणं. वाईट बोलणं नव्हे, नुसतं झाकणं. माहीत असून न सांगणं. मी त्या संध्याकाळी जे केलं ते याच्या फार लांब नव्हतं. मास्तरांच्या गुणावर मी कर्मसिद्धांताचं पांघरूण घालत होते.

पाठशाळेत आम्ही सम्यग्दर्शनाची आठ अंगं शिकतो. त्यातलं उपगूहन म्हणजे दुसऱ्याचे दोष आणि स्वतःचे गुण झाकावेत. आणि शेवटचं प्रभावना, म्हणजे जे चांगलं आहे त्याचा प्रकाश लोकांपर्यंत न्यावा. ही अंगं धर्ममार्गासाठी सांगितली आहेत, अल्बमसाठी नव्हेत, हे मला कळतं. पण माणसांच्या व्यवहारातही त्यांचा अर्थ लागतो. गुणवान माणसानं स्वतःची जाहिरात करू नये असं आपल्याला वाटतं, आणि आपण त्याचं कौतुकही करतो, 'बघा, किती साधा माणूस.' मग त्याचा गुण सांगायचा कुणी? त्यानं सांगायचा नसेल तर ऐकणाऱ्यांनीच सांगायला पाहिजे. त्यानं गप्प बसायचं आणि आपणही गप्प बसायचं, आणि त्या दुहेरी गप्प बसण्याला साधेपणा म्हणायचं, यात कसली नीती?

याचं एक उदाहरण आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, कोल्हापुरात आहे. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गवई होते. महाराज १९२२ साली गेले, पुढे खाँसाहेब मुंबईला राहायला गेले. त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ. या भूर्जीखाँसाहेबांकडे जे शिकले त्यांत मल्लिकार्जुन मन्सूर होते आणि कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णीही होत्या. एकाच गुरूचे दोघे. मन्सूरांना देशभर मान मिळाला तो उतारवयात, पण मिळाला. १९९२ साली, ज्या वर्षी ते गेले त्याच वर्षी, त्यांना पद्मविभूषण मिळालं. धोंडूताईंनीही जन्मभर तेच घराणं जपलं. पुढे त्या केसरबाई केरकरांकडे शिकल्या, आणि केसरबाईंनी मनापासून शिकवलं असं त्यांचंच नाव घेतात. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. जाणकारांना त्या माहीत होत्या. पण रस्त्यावरच्या दहा माणसांना विचारलं असतं तर एकालाही नाव सांगता आलं नसतं.

मग २००७ साली त्यांच्या शिष्या नमिता देवीदयाल यांनी 'द म्युझिक रूम' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. ज्यांनी कधी जयपूर घराण्याचं नावही ऐकलं नव्हतं अशा वाचकांना धोंडूताई कळल्या. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या घरात होतं. मन्सूरांचं गाणं मोठं आणि धोंडूताईंचं लहान, म्हणून असं झालं का? असा हिशेब करायचा मला अधिकार नाही. मला एवढंच दिसतं की धोंडूताईंचा गुण होता तिथंच होता, आणि एका ऐकणारीनं, शिकणारीनं त्याच्यावरचं पांघरूण काढलं. शास्त्रात कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार सांगितलेत. स्वतः केलेलं, करवलेलं आणि मनानं मान्य केलेलं, तिन्हींचं फळ लागतं. हे आपण नेहमी पापाच्या बाबतीत सांगतो. पुण्याच्या बाबतीतही ते तितकंच खरं आहे. गाणं धोंडूताईंनी केलं, पण ते लोकांपर्यंत पोचवण्यात दुसऱ्या कुणाचा तरी वाटा होता.

खुद्द केसरबाईंची गोष्ट आणखी वेगळी. ध्वनिमुद्रणाबद्दल त्या फार सावध असत. आपलं गाणं कुणाच्याही कानावर कसंही पडावं हे त्यांना मान्य नव्हतं. आणि १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानं अवकाशात सोडली तेव्हा त्यांवरच्या सोनेरी तबकडीत भारताचं म्हणून जे गाणं घेतलं ते केसरबाईंची भैरवी, साडेतीनेक मिनिटांची. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ज्या बाईंनी प्रसिद्धीला दारात उभं केलं नाही त्यांचा आवाज सूर्यमालेच्या बाहेर गेला. यालाही मी यशःकीर्ती नामकर्म म्हणेन. पण तबकडीसाठी हे गाणं निवडा असं सुचवणारं कुणीतरी माणूस होतं, हेही विसरणार नाही.

काळ बदलला तसे दरवाजेही बदलले. आधी दरबार होता, मग आकाशवाणी आली. सांगलीचं केंद्र, धारवाडचं केंद्र आमच्या घरात दोन्ही लागायची. आकाशवाणीत आवाजाची परीक्षा होऊन श्रेणी मिळायची, चेहरा कुणी बघत नव्हतं. टीव्ही आला तसं चेहरा, कपडे आणि डोळ्यांतलं पाणीही लागायला लागलं. तरी टीव्हीला नुसती नावं ठेवणं बरोबर नाही. २००९ साली आळंदीची कार्तिकी गायकवाड 'सारेगमप'च्या लहान मुलांच्या पर्वात जिंकली तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी मोबाईलचा बॅलन्स संपेपर्यंत एसएमएस केले होते. भजनाच्या घरातली मुलगी त्याच टीव्हीमुळे महाराष्ट्रभर ऐकली गेली. आणि टीव्हीवर आलेल्याची बिदागी वाढते, हे मास्तरांच्या बायकोला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

एवढा विचार झाल्यावर मी अर्ज लिहायला बसले, आणि तिथं माझी दुसरी चूक माझ्या हाती लागली. पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं. हल्ली स्पर्धांतून चमकणाऱ्या मुलांना सुराचा गंध नाही आणि खरं गाणं मात्र आमच्या निपाणीत पडून आहे, अशा अर्थाचं. लिहिताना फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा बरं वाटलं नाही. एकाचा गुण सांगताना मी दहा जणांची निंदा केली होती, आणि त्या वाक्यात मास्तर कुठंच नव्हते. होते ते माझे कान. आम्ही निपाणीकर किती जाणकार आहोत आणि जगाला ते कसं कळत नाही, हा त्यातला सूर होता. मास्तर टीव्हीवर आले तर 'आम्ही आधीच सांगत होतो' म्हणायची माझी तयारी झाली होती. याला मान कषाय म्हणतात. आवडत्या गायकाचा मोठेपणा आपल्या खात्यावर जमा करायचा हाही एक परिग्रहच.

मग मी स्वतःला दोन प्रश्न विचारले. मास्तर उद्या टीव्हीवर आले, पण आमच्या अर्जामुळे नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या तरी शब्दामुळे, आणि आमचं नावही निघालं नाही, तर मला तेवढाच आनंद होईल का? आणि त्यांच्याऐवजी रायबागेतला नाहीतर आजऱ्यातला असाच कुणी गुणी माणूस आला, तर? पहिल्या प्रश्नाला मी हो म्हणाले, जरा थांबून. दुसऱ्याला अजून पूर्ण हो म्हणता येत नाही. आपल्याकडे मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य अशा चार भावना सांगितल्यात. प्रमोद म्हणजे आपल्यापेक्षा गुणानं मोठा कुणी दिसला की मनापासून होणारा हर्ष. त्यात तो आपल्या गावचा असावा अशी अट कुठंच घातलेली नाही.

ते वाक्य मी काढलं. अर्जात मास्तर काय गातात, किती वर्षं गातात आणि कुठं गातात एवढंच लिहिलं. सह्या पाचशे झाल्या नाहीत, तीनशे बारा झाल्या. अर्ज गेला. अजून उत्तर नाही.

पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट आम्ही ठरवली, आणि तिला कुणाच्या उत्तराची गरज नव्हती. दर महिन्याला एकेकाच्या घरी मास्तरांचं गाणं ठेवायचं. ज्याचं घर त्यानं बिदागी द्यायची, आणि मास्तरांना आधी कधी न ऐकलेली निदान पाच माणसं बोलवायची. पहिली बैठक आमच्याकडे झाली. बेळगावहून माझी भाची तिच्या कॉलेजच्या मैत्रिणींना घेऊन आली. गाणं झाल्यावर त्यातल्या एकीनं मास्तरांना विचारलं, "काका, तुम्ही कुठं शिकवता? मला यायचंय."

पाकीट मी मास्तरांच्या हातात दिलं, आणि त्यांनी ते न उघडता बायकोच्या हातात दिलं. तिनं मात्र तिथंच उघडून मोजलं. म्हणाली, "अक्का, एक हप्ता सुटला बघा."

टीव्हीवर ते येवोत, हे मी अजूनही म्हणते.