सोडून देण्यासाठी धरलेला मासा

गुरुग्रामच्या पाण्यात ट्राउट नाही, असूही शकत नाही. सोहन्याजवळचा दमदमा तलाव पावसाच्या पाण्यावर जगतो आणि उन्हाळ्यात आक्रसत जातो. ट्राउटला साधारण 20 अंशांच्या आतले, प्राणवायूने भरलेले पाणी लागते; इथे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. म्हणून इथल्या कचेऱ्यांमध्ये ज्यांना गळाचा नाद लागतो, ते सुट्टी जोडून हिमाचलची वाट धरतात. कुणी तीर्थनच्या काठी जातो, कुणी पब्बरच्या, कुणी बास्पाच्या. परतल्यावर फोनमध्ये फोटो असतो. ओल्या हातांत ठिपकेदार मासा, आणि खाली लिहिलेले असते की लगेच सोडून दिला.

असा फोटो मराठी घरात पोचला की दोन आज्या दोन प्रश्न विचारतात. माळकरी घरातली आजी विचारते, सोडायचाच होता तर धरला कशाला? मालवणकडची आजी, जिच्या घरी गरवून आणलेल्या माशाचे कालवण होते, ती विचारते, धरला होता तर सोडला कशाला? हौशी मासेमाराला यातला एकही प्रश्न झटकून टाकता येणार नाही. खायचे नसताना एखाद्या जिवाला गळाला लावणे आणि मग त्याला जीवदान देणे, ही दया आहे की केवळ लांबवलेला खेळ?

ट्राउटच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच टोचतो, कारण हा मासा आपल्याकडे आला तोच मुळात शौकासाठी. काश्मीरमध्ये फ्रँक मिचेल यांच्या खटपटीने ट्राउटची अंडी विलायतेहून आणली गेली. पहिली खेप वाटेतच नासली. 1900 साली दुसरी जगली आणि श्रीनगरजवळच्या हारवनला तिची पैदास सुरू झाली. कुलू खोऱ्यात हा मासा 1909च्या सुमारास पोचला. गोऱ्या साहेबांना घरच्या नद्यांची आठवण येत होती, त्यासाठी हिमालयाच्या ओढ्यांत एक परका जीव वसवला गेला.

हा शौक शिकायला सुरुवात करणाऱ्यासाठी वाहत्या नदीपेक्षा तलावाचा धक्का सोपा. सिअ‍ॅटलच्या ग्रीन लेकवर असे धक्के आहेत आणि तिथला मत्स्यविभाग त्या तळ्यात ट्राउट आणून सोडतो. धक्क्यावर उभ्या माणसाला प्रवाहाशी झगडावे लागत नाही. वसंतात आणि शरदात वरचे पाणी गार असते, तेव्हा ट्राउट काठाजवळ येतात. उन्हाळ्यात ते खोल गार थरात उतरतात. पहाटे आणि सांजवेळी, हलकी दांडी, बारीक दोर आणि लहान गळ घेऊन धक्क्याच्या खांबांच्या सावलीजवळ टाकावे, कारण तिथे किडे आणि बारकी मासळी जमते. मात्र धक्का उंच असतो. दोराने मासा वर खेचला तर त्याचा जबडा फाटतो किंवा तो फळ्यांवर आपटतो. म्हणून लांब दांड्याची जाळी आधी घ्यावी, बाकीचे सामान नंतर.

सोडण्याचीही रीत आहे. गळाला उलटा काटा नसावा. हात आधी ओले करावेत, नाहीतर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग धरतो. शक्यतो पाण्यातच गळ काढावा. गांडूळ लावले असेल तर मासा गळ खोल गिळतो, अशा वेळी ओढाताण न करता दोर कापावा. आणि पाणी तापलेले असेल तर त्या दिवशी दांडी काढूच नये. थकलेला मासा पोहत जातो खरा, पण नंतर मरतो. तो मेलेला सोडणाऱ्याला दिसत नाही, आणि या छंदाचा सगळा दिलासा या न दिसण्यावर उभा आहे.

माशाला दुखते का? 2003 साली लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकेल जेंटल यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. प्रयोग ट्राउटवरच होता. त्याच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोके सापडली. ओठांत मधमाशीचे विष किंवा अ‍ॅसिटिक आम्ल टोचले, तेव्हा मासे जागच्या जागी डोलू लागले आणि बराच वेळ अन्नाला शिवले नाहीत. आम्ल टोचलेल्यांनी तर ओठ तळाच्या खड्यांवर घासले. मॉर्फिन दिल्यावर हे वागणे कमी होते, असेही स्नेडन यांना आढळले. ब्रायन की यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना हे पटत नाही. माणसाच्या मेंदूचा जो थर वेदना जाणवून देतो, तो माशाला नाही, असे ते म्हणतात. वाद मिटलेला नाही. पण जिथे दुखत असण्याची एवढी दाट शक्यता आहे, तिथे संशयाचा फायदा गळ टाकणाऱ्याला का द्यायचा? तो माशालाच द्यायला हवा.

जर्मनीचा प्राणिसंरक्षण कायदा सांगतो की वाजवी कारणाशिवाय प्राण्याला वेदना देऊ नये. खाणे हे वाजवी कारण ठरते, नुसती मौज ठरत नाही. स्वित्झर्लंडमध्येही सोडून देण्याच्याच इराद्याने मासा धरायला बंदी आहे. म्हणजे तिकडचा कायदा मालवणच्या आजीच्या बाजूचा निघाला.

आणि या विचाराचा एक फार जुना पुरावा गुरुग्रामपासून तासा-दीड तासावर उभा आहे. दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यावरचा अशोकस्तंभ मूळचा हरियाणातल्या टोपऱ्याचा. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात तो बेचाळीस चाकांच्या गाड्यावरून आणि मग यमुनेतून नावांवर आणवला. त्यावरचा पाचवा लेख अशोकाच्या राज्याभिषेकानंतरच्या सव्विसाव्या वर्षाचा, म्हणजे इ.स.पू. 243च्या आसपासचा. त्यात न मारण्याच्या प्राण्यांची यादी आहे आणि तीत काही जातींचे मासे आहेत. उपयोगात न येणारा आणि खाल्ला न जाणारा कोणताही चतुष्पाद मारू नये, असेही तिथे कोरले आहे. चार-चार महिन्यांच्या तिन्ही ऋतूंच्या चातुर्मासी पौर्णिमांना, तिष्य पौर्णिमेला आणि उपोसथाच्या म्हणजे व्रताच्या दिवशी मासे मारायचे नाहीत, विकायचेही नाहीत. सम्राटाने कोळ्यांचा धंदा बंद केला नाही. वर्षातले काही दिवस माशांचे ठरवले. आज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदी असते, हिमाचलात ट्राउटच्या विणीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी गळ बंद असतात. कारणे निराळी असली तरी बांधणी तीच आहे.

जहांगीरही आठवतो. हसन अब्दालच्या तळ्यात त्याने जाळे टाकले, दहा-बारा मासे धरले, त्यांच्या नाकांत मोती ओवले आणि त्यांना पाण्यात सोडले. हे त्याने स्वतःच अभिमानाने लिहून ठेवले आहे. फोटो काढून सोडलेला ट्राउट याच घराण्यातला. मासा सुटतो, पण सोडणाऱ्याची खूण अंगावर घेऊन.

महाभारताच्या अनुशासनपर्वात याहून खोल जाणारी गोष्ट आहे. च्यवन ऋषी गंगा-यमुनेच्या संगमात बारा वर्षे पाण्याखाली व्रतस्थ राहिले. कोळ्यांनी जाळे ओढले आणि माशांबरोबर ऋषीही बाहेर आले. घाबरलेल्या कोळ्यांना ते म्हणाले की या माशांबरोबर मी राहिलो आहे, त्यांचे जे होईल ते माझे होवो. मरेन तर त्यांच्यासह, विकला जाईन तर त्यांच्यासह. नहुष राजाने हजारो मोहरा देऊ केल्या, शेवटी राज्यही. ऋषींना ते मोल पुरेसे वाटले नाही. ठरली ती एक गाय. कोळ्यांनी तीही ऋषींनाच अर्पण केली, आणि ऋषींच्या वचनाने मासे आणि कोळी दोघेही स्वर्गाला गेले. या कथेत पोटासाठी जाळे टाकणाऱ्याला शाप नाही. माशाचे मोल मात्र राज्याहून मोठ्या माणसाच्या मोलाशी बांधलेले आहे. च्यवनांचे स्थान म्हणून सांगितला जाणारा ढोसीचा डोंगर नारनौलजवळ आहे, गुरुग्रामच्याच दक्षिण हरियाणात.

पोटासाठी की मौजेसाठी, या कसोटीवर तीर्थनकाठच्या नवशिक्याला काय सांगावे? परवाना काढावा, विणीचे महिने पाळावेत, जेवणापुरता एखादा मासा धरावा, डोक्यावर एका घावात त्याला संपवावे आणि दांडी आवरावी. दिवसभर धरत-सोडत राहण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक आहे. ब्राउन ट्राउट त्या ओढ्यांत परका आहे आणि मूळच्या असेला माशाचे अन्न व जागा तो बळकावतो, असे मत्स्यअभ्यासक सांगत आले आहेत. तेव्हा तो सोडून दिल्याने नदीवर उपकार होतात असेही नाही.

महसीर माशाची गोष्ट वेगळी. तो इथलाच, आणि संकटात आहे. कावेरीवर महसीर धरून सोडणाऱ्यांच्या तळांमुळे चोरट्या मासेमारीवर पहारा राहत होता. संरक्षित वनातली ही मासेमारी वन्यजीव कायद्याखाली शिकार ठरते म्हणून सुमारे पंधरा वर्षांपूर्वी ते तळ बंद झाले, आणि सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांची भीती वाढली. तिथल्या नारिंगी परांच्या महसीरची नोंद 2018 साली अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. तिथे गळाने दिलेली वेदना राखणदारीची किंमत होती, आणि ती किंमत मोजणारा मासाच होता. महाडजवळच्या वाळणकोंडीत काळ नदीचे महसीर वरदायिनी देवीचे मानले जातात. लोक त्यांना खाऊ घालतात, कुणी धरत नाही, आणि तिथे ही किंमत कुणालाच मोजावी लागलेली नाही.