गोठ्यातले साक्षीदार

शास्त्रपाठ : रूथ ४:१-१२



गेल्या मे महिन्यात खानापूर तालुक्यातील एका खेड्यात आम्ही एक विवाह लावला. तो मंदिरात झाला नाही, मंगल कार्यालयातही झाला नाही. गुरांच्या गोठ्यात झाला. त्यावरून पुष्कळ बोलणे झाले व त्यातले काही आमच्याही कानी आले, म्हणून जे घडले ते सांगतो.

वधूपिता लहान शेतकरी. गावात ख्रिस्ती घरे तीन, मंदिर नाही. थोरल्या मुलीचे लग्न त्याने कर्ज काढून शहरातील कार्यालयात केले होते आणि ते कर्ज फेडायला त्याला सहा वर्षे लागली. ह्या वेळी तो म्हणाला, "मास्तर, लग्न आमच्या खळ्यावरच लावू." खरे सांगावयाचे तर आम्ही विरोध केला. एकदाच होणारे कार्य, जरा ऐपतीबाहेर गेले तरी चालेल, असे आम्ही बोलून गेलो. त्याने वाद घातला नाही. "धाकट्याची कॉलेजची फी भरायची आहे," एवढेच म्हणाला. आम्ही गप्प झालो, पण मनातली लाज काही गेली नाही. रूथ व बवाज ह्यांची सोयरीक सातूच्या हंगामात खळ्यावरच जुळली, हे आम्हीच शब्बाथ शाळेत कितीदा शिकविले असेल!

खळे शेणाने सारवलेले, वर आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव. विधी चार वाजता ठरला होता. वऱ्हाडाचा टेंपो वाटेत बंद पडला. मंडळी साडेपाचला पोहोचली आणि त्यांच्या पाठोपाठ वळीव. बेळगावकडच्या वाचकांना वळीव म्हणजे काय ते सांगायला नको. पाच मिनिटांत मांडव आडवा झाला व सगळे धावले ते शेजारच्या गोठ्यात. एका अंगाला दोन बैल, दुसऱ्या अंगाला पेंढ्यांची चळत, मध्ये साठ-सत्तर माणसे दाटीने उभी. वधूच्या पांढऱ्या साडीचा काठ चिखलाने माखलेला.

वराचे काका पुढे झाले. "जनावरांच्या शेजारी लग्न? आम्ही परत जातो. पुढच्या आठवड्यात शहरातल्या मंदिरात लावू. आणि मास्तर, हे कायद्यालाही चालायचं नाही."

वधूची आई भिंतीकडे तोंड करून रडू लागली.

कायद्याचे उत्तर आमच्याजवळ होते. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात जागेचे बंधन आहे, ते ११ व्या कलमात. पण ते इंग्लंडच्या मंडळीच्या पाळकांपुरते, आणि त्यांनाही पाच मैलांच्या आत आपल्या मंडळीचे मंदिर नसेल तर मोकळीक आहे. आम्ही तर पाळकही नव्हे. ९ व्या कलमाप्रमाणे सरकार कोणाही ख्रिस्ती माणसास भारतीय ख्रिस्ती लोकांच्या विवाहाचे प्रमाणपत्र देण्याचा परवाना देऊ शकते, तसा तो आम्हास आहे. वर २१ वर्षांचा, वधू १८ ची पूर्ण, दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नाही, हे सर्व आधीच पाहिलेले. अडचण एकच होती. १० व्या कलमाप्रमाणे विवाह सकाळी सहा ते संध्याकाळी सात ह्या वेळातच व्हावा लागतो, आणि घड्याळात सहा वाजून वीस मिनिटे झाली होती.

हे सर्व आम्ही सांगितलेही. पण रुसलेल्या माणसाला कलमे सांगून काय होते? वराची आजी एका पेंढीवर टेकली व म्हणाली, "मी आता उठणार नाही बाबा, माझे पाय दुखतात. लावा लवकर." मग काकाही उभे राहिले, मात्र दाराशी, पाठ अर्धी बाहेर करून.

पत्र्यावर पावसाचा असा मारा की शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. आम्ही वराच्या कानाशी तोंड नेऊन वाक्य सांगावे व त्याने ते म्हणावे. पहिल्या वेळी मागून कोणी ओरडले, "काही ऐकू आलं नाही!" आम्ही त्याला पुन्हा म्हणावयास लावले. त्याने अक्षरशः ओरडून वचन दिले. वधू लाजरी, पण तिनेही आवाज चढविला. बैलांनी माना वर केल्या. त्या गोठ्यात ते वचन ज्याने ऐकले नाही असा एकही माणूस उरला नाही.

आमच्या मंदिरांतून काय होते? ध्वनिक्षेपक असतो, पण वधूवर व मंडळी ह्यांच्यामध्ये फोटोवाले उभे असतात आणि मागच्या बाकांवर जेवणाची चौकशी चाललेली असते. कायद्याच्या ६० व्या कलमातील वचन पाहावे. त्याची सुरुवातच उपस्थितांना साक्षीला बोलावून होते. परवानाधारकाखेरीज निदान दोन विश्वसनीय साक्षीदार हवेतच. बवाजानेही आधी गावातील दहा वडील माणसे वेशीत बसविली, मग तोंड उघडले. त्या वडिलांनी नुसती मान डोलावली नाही. परदेशी, विधवा, गरीब अशा त्या मवाबी स्त्रीसाठी त्यांनी सर्वांदेखत आशीर्वाद मागितला. पुढे बेथलेहेमात कोणी रूथला घालून पाडून बोलले असते तर त्या दहा जणांना गप्प बसता आले असते काय?

आम्ही गप्प बसलो आहोत. बारा वर्षांपूर्वी एका विवाहाच्या नोंदवहीत साक्षीदार म्हणून आमची सही आहे. तीन वर्षांनी ती मुलगी माहेरी परत आली. घरगुती बाब, आपण कशाला पडा, असे म्हणून आम्ही एकदाही तिच्या दारी गेलो नाही. ती सही अजून तेथे आहे. परमेश्वराने क्षमा करावी.

त्या संध्याकाळी सात वाजायला दहा मिनिटे असताना विधी संपला. सह्यांसाठी नोंदवही उघडली, तेव्हा दाराशी उभे असलेले काका पुढे आले व न बोलता त्यांनी पेन मागितले.

नाताळाच्या आधी ते आमच्या घरी आले. पुतण्याला हैदराबादेस नोकरी लागली होती, पण पत्नीला खेड्यात ठेवून एकट्यानेच जाण्याचे त्याच्या मनात होते. कधी नेणार हेही सांगेना. काका स्वतः त्याच्याकडे जाऊन बसले होते.

"मी काय बोलू शकणार होतो, मास्तर? म्हटलं, तू ओरडून सांगितलंस आणि मी दारातून ऐकलं. सही माझी आहे."

हैदराबादेत दोघांसाठी खोली मिळाली आहे. एका खणाची आहे, आणि पाणी एक दिवसाआड येते.