मुद्दाम हरणारा संघ

फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याने २०१४ च्या मार्च महिन्यात फोनवर मला विचारले होते, "मामा, आमचा संघ मुद्दाम हरतोय का?" तेव्हा तो बारा वर्षांचा होता. 'आमचा संघ' म्हणजे फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स, एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतला. त्या हंगामात तो सलग २६ सामने हरला. मी नुकताच सत्संगाहून आलो होतो, उत्तर तयारच होते: "अरे, जय आणि पराजय समान मानावेत. फळाकडे बघू नये." तो जरा वेळ गप्प राहिला आणि "बरं मामा" म्हणाला.

ते उत्तर चुकले, असे आज वाटते. कुठे चुकले, ते आपल्यापुढे मांडतो.

एनबीएमध्ये दर वर्षी नव्या तरुण खेळाडूंची निवड होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. दुबळ्या संघाला आधी निवडता यावे, म्हणजे तो सावरेल, अशी त्यामागची भावना. भावना चांगलीच आहे. आपल्या घरातही अशक्त मुलाला दुधाचा पेला आधी मिळतो. पण त्या पेल्यासाठी कुणी अशक्तच राहायचे ठरवले तर? या मोहाला आळा बसावा म्हणून १९८५ पासून निवडीचा क्रम ठरवायला सोडत काढू लागले. तरीही अनेक वर्षे सर्वांत तळाच्या संघाला पहिल्या क्रमांकाची संधी शंभरात २५ एवढी होती. मोह शिल्लकच राहिला.

२०१३ मध्ये सॅम हिंकी या संघाचे व्यवस्थापक झाले. त्यांनी जू हॉलिडे हा त्याच वर्षी ऑल-स्टार ठरलेला खेळाडू दुसऱ्या संघाला दिला आणि बदल्यात एक जखमी तरुण खेळाडू व पुढच्या वर्षीच्या निवडीचा हक्क घेतला. पुढच्या वर्षी निवडलेला जोएल एम्बीड दुखापतीमुळे दोन पूर्ण हंगाम खेळूच शकला नाही. तीन हंगामांत प्रत्येकी ८२ सामन्यांपैकी विजय अनुक्रमे १९, १८ आणि १०.

आता सांगा, मुद्दाम कोण हरले? मैदानावर उतरलेली मुले तर नाहीत. त्यांतल्या अनेकांचे करार लहान होते. त्यांची पुढची भाकरी त्या खेळावरच होती, ती चेंडूसाठी जमिनीवर अंग टाकत होती. ज्याने ठरवले तो मैदानात उतरत नव्हता, आणि जो उतरत होता त्याने ठरवले नव्हते. मला यातली सर्वांत टोचणारी गोष्ट हीच वाटते. अर्जुनाच्या हातून कुणी गांडीव काढून घ्यावे आणि मग त्याला 'लढ' म्हणावे, तसे झाले.

या धोरणाला तिथे एक घोषवाक्य मिळाले: 'प्रक्रियेवर विश्वास ठेवा'. प्रेक्षक ते गर्जत असत. ऐकताना फसायला होते, कारण ते थेट आपल्या प्रवचनातले वाटते! पण नीट पाहिले तर ही प्रक्रिया फळासाठीच होती. आजच्या सामन्याला स्वतःची किंमत उरली नव्हती. तो उद्याच्या मोठ्या फळाचे भाडे झाला होता. फळाची आसक्ती याहून घट्ट कशी असेल?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जय-पराजय समान मानायला सांगितले आहे, ते युद्धाला उभे राहा असे सांगताना. समत्व लढणाऱ्याला दिले आहे. शस्त्र खाली ठेवलेल्या अर्जुनाला ते बसून राहण्याची परवानगी म्हणून दिलेले नाही. मी भाच्याला अर्धेच सांगितले होते.

आपण म्हणाल, शेतकरीही एखादे वर्ष जमीन पडीक ठेवतो, विद्यार्थी एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देतो. उद्यासाठी आज सोडणे हे पाप कसे? पाप नाहीच. पण शेतकरी पडीक शेताची तिकिटे विकत नाही. माझ्या मेव्हण्याने पोराला घेऊन जायला पूर्ण पैसे मोजले होते.

मात्र बाहेरून निवाडा करताना जपावे लागते. २०२३-२४ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्स सलग २८ सामने हरला आणि हंगामात १४ च जिंकला. फलक पाहून कुणीही म्हणेल, हे मुद्दाम. पण त्या संघाने मोठ्या मानधनावर नामवंत प्रशिक्षक आणला होता, जिंकण्यासाठीच. तोवर सोडतीचे नियमही बदलले होते, तळाच्या तिघांना प्रत्येकी १४ टक्केच संधी. पिस्टन्सला मिळाला पाचवा क्रमांक. पुढच्या हंगामात नवा प्रशिक्षक आणि काही अनुभवी खेळाडू आले, आणि त्याच तरुण गाभ्याने ४४ सामने जिंकले. हेतू फलकावर लिहिलेला नसतो. तो ज्याचा त्यालाच ठाऊक.

म्हणून हा प्रश्न मी हल्ली स्वतःलाच विचारतो. गेल्या वर्षी केंद्रातील एक सेवा मी घेतली, अर्ध्या मनाने केली, आणि ती बिघडल्यावर 'फळ माझ्या हाती नाही' असे शांतपणे म्हणालो. सगळ्यांना ते वैराग्य वाटले. मला माहीत होते, मी तयारीच केली नव्हती. तुमच्याही बाबतीत असे कधी घडले आहे का?

सिक्सर्सचे पुढे काय झाले? एम्बीड २०२३ मध्ये स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. संघ २०१८ ते २०२४ सलग सात वर्षे प्लेऑफमध्ये पोहोचला, पण दुसऱ्या फेरीपलीकडे एकदाही गेला नाही.

भाचा आता नोकरीला लागला आहे. परवा बोलताना त्याने २९ मार्च २०१४ ची आठवण काढली. २६ पराभवांनंतर संघाने त्या दिवशी घरच्या मैदानावर डेट्रॉइटलाच २५ गुणांनी हरवले होते, आणि हा वडिलांबरोबर तिथे होता. "मामा, त्या दिवशी ते जिंकायलाच खेळत होते ना?"

या वेळी मी श्लोक सांगितला नाही. "हो रे," म्हणालो, "आधीच्या सव्वीस दिवशीही."